प्रेशर कुकरमध्ये माशा ठेवल्या आणि सापडलं शरीरातलं घड्याळ : कॉलिन पिटेंड्रायची गोष्ट

ओट्यावर केळी दोन दिवस राहिली की त्यांच्याभोवती बारीक चिलटं घोंघावायला लागतात. आपण फडकं झटकतो, केळी फ्रीजमध्ये टाकतो आणि विषय संपवतो. (आंब्या-पेरूत अंडी घालणारी, कामगंध सापळ्यात पकडतात ती फळमाशी वेगळी. ही तिच्याहून कितीतरी लहान. हिचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला.)

तर या चिलटाची एक खोड आहे. अंडं, अळी, कोष असा प्रवास करून ती माशी होते आणि कोष फोडून बाहेर पडते, पण बाहेर पडायची वेळ ठरलेली. पहाट ते सकाळ. दुपारी तयार झालेली माशी दुपारी बाहेर येत नाही, दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत आतच थांबते.

कारण साधं आहे. नुकत्याच बाहेर पडलेल्या माशीचे पंख ओले आणि चुरगळलेले असतात. ते नीट पसरेपर्यंत हवेत ओलावा लागतो. भर उन्हात बाहेर आली तर पंख पसरायच्या आधीच सुकायचे. ड्रोसोफिला या नावाचा अर्थच मुळी दव आवडणारी.

पण कोषात बंद असलेल्या माशीला पहाट झाली हे कळतं कसं?

उजेड दिसत असेल, असं तुम्ही म्हणाल. मग काही दिवस ऊन-सावलीत वाढलेले कोष उचलून पूर्ण अंधारात ठेवा. तरीही माशा बाहेरच्या पहाटेच्या वेळेलाच निघतात. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

या प्रश्नामागे एका माणसाने आयुष्याची चाळीसेक वर्षं घातली. त्याचं नाव कॉलिन पिटेंड्राय. सहकारी त्याला पिट म्हणायचे, आपणही तेच म्हणू.

पिटचा जन्म १३ ऑक्टोबर १९१८ चा. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं व्हिटली बे हे त्याचं गाव. तो जन्मला तेव्हा पहिलं महायुद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. पोरगं मोठं झालं, डरहॅम विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकलं, १९४० मध्ये पदवी हातात आली आणि तोवर दुसरं महायुद्ध दारात उभं.

त्याच्या वयाची मुलं सैन्यात जात होती. पिटने नकार दिला. हातात शस्त्र धरणं आपल्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही, अशी त्याची भूमिका होती. ब्रिटनमध्ये अशा लोकांसाठी कायद्यात वाट होती. बंदूक नको तर नको, पण देशाच्या उपयोगाचं दुसरं काम करायचं. पिटची रवानगी झाली थेट वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर. काम काय, तर केळी आणि इतर फळांच्या चांगल्या जाती तयार करणं.

केळ्यांवरून सुरुवात झालेला माणूस पुढे केळ्यांवरच्या चिलटांमुळे ओळखला गेला, हा योगायोगच. मध्ये मात्र डास आले.

त्रिनिदादमध्ये मलेरियाने उच्छाद मांडला होता. मलेरिया म्हटलं की आपल्याकडे काय करतात? डबकी बुजवा, गटारं वाहती करा, टाक्यांत गप्पी मासे सोडा. तिथे हे सगळं करून भागत नव्हतं. कारण तिथला डास जमिनीवरच्या पाण्यात वाढतच नव्हता. तो वाढत होता डोक्यावर, झाडांत.

त्रिनिदादमध्ये कोकोच्या बागा होत्या. कोकोला सावली लागते, म्हणून बागेत उंच झाडं लावलेली. आपल्या पांगाऱ्याच्याच जातकुळीतली. त्या झाडांच्या फांद्यांवर ब्रोमेलियाड नावाच्या वनस्पती वाढायच्या. अननसाच्या कुळातल्या. अननसाचं झुडूप आठवा, पानं मधून बाहेर कशी कारंज्यासारखी फुटतात. या ब्रोमेलियाडच्या पानांच्या बुंध्यात पावसाचं पाणी साठतं. प्रत्येक झुडूप म्हणजे एक छोटी टाकी, आणि त्या टाकीत मलेरियाचा डास. बागेत शेकड्याने झाडं, प्रत्येक झाडावर अशा कित्येक टाक्या. उपाय म्हणून लोक झाडांवर चढून ही झुडपं उपटायचे, नाहीतर मोरचुदाचं पाणी फवारायचे.

यात पिटचं काम होतं हे डास नेमके राहतात कुठे आणि वागतात कसे हे बघणं. त्यासाठी त्याने जंगलात वेगवेगळ्या उंचीवर डास कधी चावतात याच्या नोंदी घेतल्या आणि त्याला एक गंमत दिसली. डास दिवसभर सारखे चावत नाहीत. त्यांची चावायची वेळ ठरलेली असते. त्यातही जमिनीजवळ ही वेळ वेगळी आणि झाडाच्या शेंड्याकडे वेगळी.

संध्याकाळी तिन्हीसांजेला डास वाढतात हे आपल्या आजीलाही माहीत असतं. पिटला त्याच्या पुढचा प्रश्न पडला. ही वेळ डासाला बाहेरून कळते की ती त्याच्या आतच असते? बाहेर ऊन, ओलावा, वारा सगळं एकाच वेळी बदलत असतं. जंगलात बसून याचं उत्तर मिळणं शक्य नव्हतं.

युद्धाच्या काळातच त्याने लग्न केलं. बायकोचं नाव मार्गारेट, सगळे तिला माइकी म्हणायचे. युद्ध संपल्यावर दोघं अमेरिकेला गेली आणि पिटने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पीएचडी केली. गुरू होते थिओडोशियस डोबझान्स्की, उत्क्रांतीच्या अभ्यासातलं त्या काळातलं फार मोठं नाव. डोबझान्स्कींची लाडकी माशी होती ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा, पश्चिम अमेरिकेतली रानमाशी. गुरूकडून शिष्याकडे ही माशी आली, आणि डासांचा प्रश्न पिटने माशीला विचारायचं ठरवलं. तोवर त्याला प्रिन्स्टन विद्यापीठात नोकरी लागली होती. १९५० मध्ये तो अमेरिकेचा नागरिकही झाला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

सजीवांची दिनचर्या अंधारातही चालू राहते हे तेव्हा नवीन नव्हतं. १७२९ मध्ये द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवलं होतं आणि तरीही त्याची पानं रोजच्या वेळेला उघडतात-मिटतात हे नोंदवलं होतं. पण म्हणून आत घड्याळ आहे, असं म्हणायला लोक तयार नव्हते.

आणि त्यांच्या शंकेला आधार होता. घड्याळ शरीरात असेल तर ते रसायनांचंच बनलेलं असणार. रसायनांचा वेग तापमानावर चालतो. इडलीचं पीठ मे महिन्यात चार-सहा तासांत फुगून भांड्याबाहेर येतं आणि डिसेंबरात रात्रभर ठेवूनही जागचं हलत नाही, ते याचमुळे. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी उतरलं की बहुतेक जैवरासायनिक क्रियांचा वेग निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. माशीचं शरीर काही आपल्यासारखं गरम राहत नाही. बाहेर जेवढं तापमान तेवढंच आत. मग थंडीत माशीचं २४ तासांचं घड्याळ ४८ तासांचं व्हायला हवं. असलं घड्याळ काय कामाचं?

हान्स काल्मुस या शास्त्रज्ञाने १९३५ च्या सुमारास नेमकं हेच दाखवलं होतं. त्याने कोष थंड जागी ठेवले, तर माशा उशिरा बाहेर पडल्या. म्हणजे माशीचं घड्याळ थंडीत मागे पडतं. प्रकरण बंद.

पिटला हे पटेना. त्याच सुमारास जर्मनीत गुस्टाव क्रामर यांनी स्टार्लिंग पक्ष्यांवर (आपल्याकडे थंडीत थव्याने येणाऱ्या भोरड्यांचे हे भाऊबंद) एक भन्नाट गोष्ट दाखवली होती. हे पक्षी सूर्य बघून दिशा ओळखतात. पण सूर्य तर दिवसभर सरकत असतो. सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला. म्हणजे सूर्यावरून दिशा काढायची तर आत्ता किती वाजलेत हे आधी माहीत हवं. मग पक्ष्याकडे घड्याळ आहे, आणि ते भरवशाचं आहे. पिटचं डोकं उत्क्रांतीच्या अंगाने चालायचं. निसर्गाने घड्याळ घडवलं असेल तर हवा गार झाली की चुकणारं घड्याळ तो कशाला टिकवेल?

मग काल्मुसचा प्रयोग त्याने पुन्हा करून बघायचं ठरवलं.

१९५० च्या दशकाची सुरुवात होती. पिट उन्हाळ्यात कोलोरॅडोमधल्या रॉकी माउंटन जैविक प्रयोगशाळेत होता. प्रयोगशाळा म्हणून डोळ्यांसमोर चकाचक काचेची इमारत आणू नका. गॉथिक नावाचं एक ओसाड पडलेलं खाणकामगारांचं गाव होतं, त्यात हे संशोधक उन्हाळ्यापुरते येऊन राहायचे. माशांसाठी काळोखी खोली हवी होती, ती मिळाली घराबाहेर बांधतात तसल्या एका जुन्या संडासात. एकसारखं थंड तापमान देणारं यंत्र हवं होतं, ते कुठून आणणार?

पिटने प्रेशर कुकर घेतला. झाकण घट्ट बसतं, पाणी आत जात नाही, उजेडही जात नाही. त्यात कोष ठेवले आणि कुकर डोंगरातून येणाऱ्या बर्फगार ओढ्यात बुडवला. झालं थंड तापमानाचं यंत्र तयार.

निकाल बघा. गार जागी गेल्यावर माशांची पहिली खेप खरंच उशिरा आली, बरीच उशिरा. काल्मुस खोटं बोलला नव्हता. पण पिट तिथे थांबला नाही. त्याने दुसऱ्या दिवसाची खेप मोजली, तिसऱ्या दिवसाची मोजली. आणि त्या पुन्हा जवळपास २४-२४ तासांच्याच अंतराने येत होत्या. पहिल्या धक्क्यात गडबडलेली माशी पुढे ताळ्यावर येत होती. काल्मुसने पाहिलेला उशीर हा बदलाचा तात्पुरता परिणाम होता, त्यावरून घड्याळच मंदावलं असं ठरवणं घाईचं होतं.

प्रिन्स्टनला परतून त्याने हेच प्रयोग नीट यंत्रसामग्री घेऊन केले. तापमान २६ अंशांवरून १६ अंशांवर आणलं. इडलीचं पीठ हार मानेल असा फरक. माशीचं चक्र मात्र २४ तासांच्या आसपासच. १९५४ मध्ये हा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला आणि या विषयाचा पाया पडला, असं आज मानलं जातं.

या प्रयोगांमध्ये एक अडचण होती, ती सांगितल्याशिवाय पिटची हुशारी कळणार नाही. माशी आयुष्यात एकदाच कोषातून बाहेर पडते. मग एका माशीचं रोजचं चक्र मोजणार कसं? पिटने वेगवेगळ्या वयाचे हजारो कोष एकत्र ठेवले, म्हणजे रोज काही माशा तयार होत राहणार. गावात सकाळी एकच एसटी येते असं समजा. ज्याची तयारी झाली तो चढला, ज्याला उशीर झाला तो उद्याच्या गाडीला. स्टँडवर बसून रोज किती वाजता गर्दी उसळते हे मोजलं की प्रवाशांना न विचारता गाडीची वेळ कळते. पुढे त्याच्या प्रयोगशाळेत यासाठी आपोआप चालणारे डबे बनवले गेले. दर तासाला डब्याला दणका बसायचा आणि नव्याने बाहेर आलेल्या माशा खालच्या बाटलीत पडायच्या. नाव बँग बॉक्स. दिवसरात्र तासातासाला दणके. माशा मोजणाऱ्या विद्यार्थ्यांची दया येते.

पण आता खरा वाद सुरू झाला.

फ्रँक ब्राऊन नावाचे अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं, शरीरात घड्याळ वगैरे काही नाही. पृथ्वी फिरते तेव्हा चुंबकीय क्षेत्र, हवेचा दाब, किरणोत्सार असं बरंच काही रोज बदलत असतं. अंधाऱ्या खोलीच्या भिंती ते अडवू शकत नाहीत. सजीव तेच ओळखतात. ब्राऊन यांनी समुद्रकाठचे कालव हजारभर किलोमीटर आत, शिकागोजवळच्या इव्हान्स्टनला आणून अंधारात ठेवले होते. काही दिवसांनी कालव उघडण्याची वेळ बदलली. ब्राऊन म्हणाले की इव्हान्स्टनला समुद्र असता तर भरती ज्या वेळी आली असती, त्या वेळी ते उघडायला लागले.

मग पिटच्या शोधाचं काय? गंमत अशी की ब्राऊन यांनी पिटचाच निकाल त्याच्यावर उलटवला. तापमान बदललं तरी चक्र बदलत नाही ना? मग हे शरीरातल्या रसायनांचं काम असूच शकत नाही, वेळ बाहेरूनच येत असणार! प्रेशर कुकरमधल्या माशांनी दिलेला पुरावा आता दोन्ही बाजू वापरत होत्या.

हा वाद कागदावरचा वाटेल, पण ब्राऊन बरोबर असते तर आत घड्याळ शोधणं म्हणजे रेडिओच्या खोक्यात गाणारा माणूस शोधणं ठरलं असतं. १९५७ मध्ये लॅमाँट कोल या शास्त्रज्ञाने तर ब्राऊन यांच्या आकडेमोडीची थट्टाच केली. त्याने निव्वळ यादृच्छिक आकडे घेतले, त्यांच्यावर तसलेच गणिती संस्कार केले आणि काल्पनिक एकशिंगी घोड्याचंही जैविक घड्याळ शोधून दाखवलं. हा निबंध सायन्स या नियतकालिकात छापून आला, थट्टेतला नाही, खराच.

पिटने थट्टा केली नाही, त्याने एक साधा प्रयोग पुढे ठेवला. अंड्यापासून पूर्ण अंधारात वाढवलेल्या माशा घ्या. या माशांना पहाट ठाऊक नसते. त्या वाटेल त्या वेळी बाहेर पडतात, दिवसभर, रात्रभर, थोड्या थोड्या. आता त्यांना फक्त एकदा उजेड दाखवा. क्षणभर. पुन्हा अंधार. पुढच्या दिवसांत सगळ्या माशा एका ठरलेल्या वेळेला, दर २४ तासांनी, झुंडीने बाहेर पडायला लागतात.

विचार करा. त्या क्षणभराच्या उजेडात २४ तास हा आकडा कुठे लिहिलेला होता? कुठेच नाही. उजेडाने फक्त सगळ्यांची घड्याळं एका वेळेला लावली. आणि ती वेळ कोणती असेल हे ठरलं उजेड कधी दाखवला यावरून, पृथ्वी तेव्हा कुठे होती यावरून नाही. माझ्या मते कुकरच्या प्रयोगापेक्षाही हा प्रयोग जास्त देखणा आहे, पण कुकरची गोष्ट सांगायला सोपी म्हणून तीच सांगितली जाते. आम्हीही मथळ्यात तेच केलं.

ब्राऊन शेवटपर्यंत मागे हटले नाहीत. १९६२ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात कार्ल हॅमनर आणि सहकाऱ्यांनी तर दक्षिण ध्रुवावर जाऊन फिरत्या तबकड्यांवर हॅमस्टर, माशा, घेवड्याची रोपं ठेवली होती. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम तिथे जवळपास पुसला जातो. तरी दिनचर्या चालू राहिली.

त्याआधीच, १९६० मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला जैविक घड्याळांवरची मोठी परिषद भरली होती. तोवर या विषयावर काम करणारे लोक विखुरलेले होते. कोणी पक्षीवाला, कोणी घेवडावाला, कोणी माशीवाला. एकमेकांचं काम एकमेकांना धड माहीत नव्हतं. पिटने या परिषदेत सगळ्या सजीवांच्या घड्याळांना लागू पडतील अशी १६ निरीक्षणं मांडली. बुरशीपासून माणसापर्यंत नियम तेच.

याच काळात त्याची युर्गेन आशोफ या जर्मन शास्त्रज्ञाशी गट्टी जमली. आशोफ म्युनिकजवळ आंडेक्सला माणसांना आठवडेच्या आठवडे भुयारी खोल्यांत ठेवून त्यांची झोप-जाग मोजायचे. उजेड घड्याळाला कसा वळवतो यावर दोघांची मतं वेगळी होती. आशोफ म्हणायचे, उजेड दिवसभर घड्याळाचा वेग कमीजास्त करत असतो. पिट म्हणायचा, पहाट आणि संध्याकाळ हे दोन धक्के पुरेसे आहेत. मतं वेगळी, मैत्री पक्की.

त्या धक्क्यांचा हिशेब तुमच्या-आमच्या कामाचा आहे, म्हणून इथे जरा थांबू. अंधारातल्या माशीला वेगवेगळ्या वेळी थोडा उजेड दाखवून पिटने तक्ता बनवला. तिच्या दृष्टीने दिवस असताना उजेड पडला तर काही फरक पडत नाही. रात्रीच्या पूर्वार्धात पडला तर तिचं घड्याळ मागे जातं, जणू संध्याकाळ लांबली. रात्रीच्या उत्तरार्धात पडला तर घड्याळ पुढे जातं, जणू पहाट लवकर झाली. माणसाचा तक्ताही अशाच वळणाचा आहे. रात्री उशिरापर्यंत तोंडासमोर झगझगीत उजेड धरला की शरीर समजतं अजून संध्याकाळच आहे, झोप पुढे सरकते. तुम्ही हे कोणत्या वेळी आणि कशावर वाचताय ते तुमचं तुम्ही बघा.

१९७२ मध्ये डोरोथिया मिनिस या सहकारी संशोधिकेबरोबर त्याने आणखी एक प्रयोग छापला. माशांना कृत्रिम दिवस दिले. काहींना २४ तासांचा, काहींना २१ तासांचा, काहींना २७ तासांचा. २४ तासांचा दिवस मिळालेल्या माशा जास्त जगल्या. रात्रपाळीचा माशीवर काय परिणाम होतो असा तो प्रयोग नव्हता, आणि माशीवरून थेट माणसावर उडी मारू नये. तरी पाळी बदलून बदलून काम करणाऱ्यांच्या तब्येतीचा अभ्यास करणारे लोक आजही हा निबंध वाचतात.

बाकीच्या कर्तबगारीवरून भरभर जाऊ. १९६५ ते १९६९ तो प्रिन्स्टनच्या पदव्युत्तर विभागाचा डीन होता. मंगळावर जीवसृष्टी शोधावी का आणि कशी, यासाठी अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने नेमलेल्या अभ्यासगटाचं नेतृत्व त्याने जोशुआ लेडरबर्ग यांच्याबरोबर केलं. १९६९ मध्ये तो कॅलिफोर्नियाला स्टॅनफर्डला गेला, आणि १९७६ पासून १९८४ पर्यंत तिथल्या हॉपकिन्स सागरी संशोधन केंद्राचा संचालक होता. डच शास्त्रज्ञ सर्ज दान यांच्याबरोबर उंदीर-हॅमस्टरांवर लिहिलेले त्याचे पाच निबंध १९७६ मध्ये एकदम आले. त्यात त्यांनी तर्क मांडला होता की सकाळ सांभाळणारं एक आणि संध्याकाळ सांभाळणारं दुसरं, अशी दोन घड्याळं आत असावीत. २००४ मध्ये माशीच्या मेंदूत अशा दोन वेगळ्या पेशीगटांचा पुरावा मिळाला.

एक गोष्ट मात्र पिटने केली नाही. त्याने घड्याळाचं झाकण उघडलं नाही. तो ते बाहेरून तपासत राहिला. उजेड टाकून बघ, थंडी देऊन बघ, काटे कुठे जातात ते मोज. आतली चाकं कसली आहेत हे शोधलं दुसऱ्यांनी. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत रॉन कोनोप्का या विद्यार्थ्याने आपले गुरू सिमोर बेन्झर यांच्याबरोबर तीन बिघडलेल्या माशा जगासमोर आणल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, एकीचा २८ तासांचा आणि एकीला वेळेचं भानच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात. त्या बिघडलेल्या माशा ओळखायची पद्धत कोणती? कोषातून बाहेर पडायची वेळ मोजणं, पिटने रुळवली तीच. पीएचडीनंतर कोनोप्का स्टॅनफर्डला पिटकडेच काम करायला गेला, आणि १९८९ मध्ये त्या बिघडलेल्या माशांवरच्या एका निबंधात दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत.

उतारवयात पिटला वेगळाच नाद लागला. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या माशांची घड्याळं सारखी असतात का? जपानमधल्या वेगवेगळ्या अक्षांशांवरच्या माशा घेऊन त्याने हे तपासलं, तर जागेनुसार घड्याळाचे गुण बदलताना दिसले. हा धागा पुढे आपल्यापर्यंतही आला. भारतात वेगवेगळ्या अक्षांशांवर आणि उंचीवर राहणाऱ्या माशा कोषातून कधी बाहेर पडतात, यावरचे शोधनिबंध आपल्या अहमदनगर कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातून प्रसिद्ध झाले आहेत.

पिटला गळ टाकून मासे पकडायचा भारी शौक. निवृत्तीनंतर तो आणि माइकी रॉकी पर्वताच्या ओढीने माँटाना राज्यातल्या बोझमनला राहायला गेले. १९९३ मध्ये त्याने आपल्या सगळ्या कामाचा आढावा घेणारा एक लांबलचक लेख लिहिला. संडासातली काळोखी खोली आणि ओढ्यातला कुकर त्यातही आहेत. १९ मार्च १९९६ ला कॅन्सरने तो गेला. वय ७७.

२०१७ मध्ये जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना माशीच्या घड्याळातली चाकं उलगडल्याबद्दल वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मृत व्यक्तीला नोबेल देत नाहीत. जैविक लयींचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अधिवेशनात मात्र एक मानाचं व्याख्यान असतं. बंदूक नाकारलेला इंग्रज आणि त्याचा जर्मन मित्र, अशा दोघांच्या नावाने. पिटेंड्राय-आशोफ व्याख्यान.